भोपळ्यात बसून जगभर: सांगली-मिरजेत राहून जगाचं संगीत ऐकायला कसं लागावं

"जगातलं संगीत ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?" गेल्या वर्षभरात कॉलेजातल्या चार-पाच ज्युनिअर पोरापोरींनी मला हे विचारलं. सगळ्यांना मी एकच उत्तर देते: सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेची बस पकड. त्यांना वाटतं मी टाळतेय. त्यांना आफ्रिका हवी असते, जपान हवं असतं, आणि ही बाई मिरज सांगते!

पण मी टाळत नाही. सुरुवात कशी करू नये हे मी स्वतः करून बसले आहे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी 'जगातील संगीतपरंपरा' असा भारदस्त विषय घेतला. बारा देश, चाळीस स्लाइड्स. प्रत्येक देशाचा झेंडा, वाद्याचा फोटो आणि तीस सेकंदांचा तुकडा. सादरीकरण झालं, टाळ्या झाल्या. मग मागच्या बाकावरून एका सरांनी शांतपणे विचारलं, "डोळे मिटून ऐकवलं तर यातलं एक तरी वाद्य ओळखशील का?" नसतं ओळखलं. बारा गावचं पाणी प्यायले होते आणि तहान होती तशीच.

म्हणून हा लेख. यात देश गोळा करायचे नाहीत. एक धागा धरायचा, तो घराजवळच्या खुंटीला बांधायचा आणि मग सोडत सोडत लांब जायचं. गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून निघते ना, तसं. माझ्या बाबतीत तर तो खरंच भोपळा निघाला.

पहिली पायरी: मिरजेत एक सकाळ

सांगलीहून मिरज अर्ध्या तासाच्या आत येतं. सिटी बस आहे, वडाप आहे. सतारमेकरांची गल्ली कुणीही दाखवतं. संस्थानी काळात हत्यारांना धार लावणारे शिकलगार इथे होते. हत्यारांचं काम आटत गेलं, तसे त्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा व्यवसाय रुजला, असं इथे सांगतात. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या हेच काम करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

जाण्याआधी दोन-तीन गोष्टी सांभाळा. आधी विचारून वेळ ठरवून जा. ते दुकान असलं तरी आत काम चालू असतं. न विचारता कुठल्या तारेला बोट लावू नका. रील काढायला लगेच मोबाइल बाहेर काढू नका. आधी तासभर नुसते बसा. आणि "केवढ्याला?" हा पहिला प्रश्न नको.

आत गेलात की आधी भोपळे दिसतील. पोत्यात, माळ्यावर, कोपऱ्यात रचलेले. हे भाजीचे नाहीत, कडू जातीचे. जाड सालीचे हे भोपळे बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या पट्ट्यातून येतात. वाळवलेला भोपळा कापतात, भिजवतात, ओला असताना त्याला आकार देतात आणि मग त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी चढते. हे सगळं बघा, पण तुम्ही ज्यासाठी आलात ते याच्या पुढे आहे. जवारी.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट दिसतो, पण तो नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. त्यामुळे तार छेडली की ती त्या उताराला क्षणोक्षणी टेकत, सुटत राहते आणि नुसत्या 'टण्ण'ऐवजी झणझणणारा, फुलत जाणारा आवाज येतो. हीच जवारी. कारागीर कानस घेऊन त्या माथ्यावरून दोन हात मारतो, तार लावतो, ऐकतो, तार सोडतो, पुन्हा कानस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे चाळीस मिनिटं चाललं होतं. मधे एकदा मला वाटलं, झालं, सुरेख वाजतोय की. कारागीर चाचांनी मान हलवली. "आत्ता नुसता ओरडतोय, बेटा. बोलत नाही." मग त्यांनी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा बारीकसा दोरा सरकवला. केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे. एका जागी तो पोहोचला आणि खोलीतला आवाज अचानक बदलला. दिवा लावल्यासारखा. दुसरी उपमा मला अजून सुचलेली नाही.

या प्रकाराने शास्त्रज्ञांनाही गुंगवलं होतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या याच घोडीवर लेख लिहिला. पुस्तकी नियमांप्रमाणे तार ज्या ठिकाणी छेडली तिथल्या काही उपस्वरांनी (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांनी) गप्प बसायला हवं, पण या घोडीमुळे तेही वाजतात, असं त्यांनी दाखवलं.

दुसरी पायरी: गंधार ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नका

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही. तंबोऱ्याची शेवटची, जाड, खर्जाची तार एकटीच छेडा. ती षड्जात, म्हणजे 'सा'मध्ये, लावलेली असते. पण लक्ष देऊन ऐकलंत तर त्या षड्जाच्या वर, बरंच वर, एक गंधार, म्हणजे 'ग', तरंगताना ऐकू येतो. तो कुणी वाजवत नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेचा प्रत्येक आवाज म्हणजे अनेक आवाजांची मोळी असते आणि त्यातली पाचवी काडी म्हणजे हा गंधार.

मला तो पहिल्या दिवशी ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. युक्ती अशी की आधी हार्मोनियमवर किंवा मोबाइलवर वरचा गंधार वाजवून कानात भरून घ्यायचा आणि मग तार छेडायची. काय शोधायचं ते कानाला आधी सांगावं लागतं. घरी खरा तंबोरा नसेल तर इलेक्ट्रॉनिक चालेल, पण मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर नको. साधे वायरवाले इअरफोन लावा.

एकदा तो ऐकू आला की मंगोलियाचं तिकीट तुमच्या खिशात आलंच समजा. तिथल्या गवताळ प्रदेशात आणि शेजारच्या, रशियातल्या तुवामध्ये खूमी नावाचं गाणं आहे. एकच माणूस घशातून एक खर्ज धरून ठेवतो आणि त्याच वेळी वर शिट्टीसारखी दुसरी सुरावट ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हातचलाखी वाटते. पण ती आपली तंबोऱ्याचीच गोष्ट आहे: गायक खर्जाच्या मोळीतली एकेक काडी तोंडाचा आकार बदलून पुढे काढतो. मंगोलियाच्या खूमीला युनेस्कोने २०१० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बाथरूममध्ये एकच खालचा सूर धरून अगदी सावकाश 'ऊ' वरून 'ई' वर सरका. मधे काहीतरी शिट्टी वाजल्यासारखं होईल. रूमपार्टनरला आधी सांगून ठेवा, एवढंच.

तिसरी पायरी: धागा निवडा

आता देश नाही, प्रश्न निवडायचा. तुमच्या गावच्या, घरच्या एखाद्या आवाजातून निघालेला.

मी कवठेमहांकाळकडची. आरेवाडीच्या बिरोबाच्या जत्रेतला ढोल कानात घेऊनच मोठी झाले. त्यामुळे मी ढोलाचा धागा घेईन असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मिरजेत तो दोरा सरकताना पाहिला आणि माझा प्रश्न ठरला: स्वच्छ आवाजात मुद्दाम झणझण का मिसळतात, आणि ती जगात आणखी कोण मिसळतं?

तुम्हाला दुसरे धागे सापडतील. हलगी घ्या. लाकडी कडं आणि त्यावर एका बाजूने ताणलेलं कातडं, एवढाच ऐवज. इराणात तो दफ, मोरोक्को-अल्जीरियात बेंदीर, आयर्लंडमध्ये बोरान, ब्राझीलमध्ये पांदेरो. आपल्याकडे हलगी शेकोटीवर तापवून कडक करतात, तसेच बेंदीरवालेही कातडं शेकतात. सनई घ्या: फारसीत सुरनाय, तुर्कस्तानात झुर्ना, चीनमध्ये सुओना. नावं ऐकूनच पाहुणे कुठून कुठे गेले ते कळतं, आणि गंमत म्हणजे जवळपास सगळीकडे ती लग्नात आणि मिरवणुकीतच वाजते.

किंवा वंशावळ सांगणाऱ्या हेळव्यांचा धागा घ्या. आमच्याकडे सुगीनंतर हेळवी यायचे. आमच्या पणजोबांच्या पणजोबांची नावं आम्हाला माहीत नसायची, त्यांना तोंडपाठ. पश्चिम आफ्रिकेत मांदिंका लोकांमध्ये हे काम जेली करतात. राजांच्या, घराण्यांच्या वंशावळी, लढाया, दानधर्म सगळं गाऊन सांगतात. फरक इतकाच की त्यांच्या हातात वाद्य असतं. त्या वाद्याकडे येतेच.

एका वेळी एकच धागा. दुसरा फार खुणावत असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

चौथी पायरी: शोधायचं कसं, ऐकायचं कसं

'आफ्रिकन म्युझिक' असं टाकून शोधलं की झोपेसाठीचं संगीत आणि रिंगटोन येतात. वाद्याचं तिथल्या भाषेतलं नाव आणि त्याबरोबर देशाचं किंवा समाजाचं नाव टाका. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या संकेतस्थळावर प्रत्येक परंपरेची साधारण दहा मिनिटांची फिल्म असते. ती सरकारी थाटाची असते, पण वाद्य कुठे, कोण, कशासाठी वाजवतं हे एका बैठकीत कळतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन फोकवेज या संस्थेच्या जुन्या रेकॉर्डिंगसोबतच्या माहितीपुस्तिका फुकट उतरवून घेता येतात. माझ्या मते त्या रेकॉर्डिंगइतक्याच मोलाच्या आहेत. नीट छापलेली अशी पुस्तिका वाचताना मेसमध्ये माझं जेवण दोनदा गार झालंय. आणि पुढेमागे हा विषय अभ्यास म्हणून घ्यायचा असेल तर गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं, १९८२ मध्ये सुरू झालेलं संगीताचं मोठं ध्वनिसंग्रहालय आहे, हे लक्षात असू द्या.

ऐकण्याची माझी पद्धत साधी आहे. एक रेकॉर्डिंग, आठवडाभर, रोज. दुसरं काही त्या आठवड्यात नाही. सोमवारी काहीही न वाचता ऐकायचं आणि वहीत फक्त काय ऐकू आलं ते लिहायचं. "खाली काहीतरी परत परत येतंय", "मधेच पत्रा वाजल्यासारखा". वाद्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं. बुधवारी वाचायचं. रविवारी पुन्हा ऐकायचं आणि सोमवारचं पान उघडायचं. त्यावर लिहिलेलं वाचून स्वतःचीच कीव येते, पण कान किती सरकला ते तिथेच कळतं.

आवडलं की नाही, हे पहिल्या आठवड्यात लिहू नका. आपल्या आवडीला घाई फार असते.

पाचवी पायरी: धाग्यामागे जाणे

माझा पहिला आठवडा 'कोरा' नावाच्या वाद्याचा होता. गांबिया, सेनेगल, माली, गिनी या पट्ट्यातलं जेलींचं वाद्य ते हेच. मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचं कातडं ताणलेलं, आरपार लांब दांडी, आणि एकवीस तारा. पूर्वी त्या हरणाच्या कातड्याच्या असायच्या, आता मासेमारीच्या नायलॉनच्या. वादक भोपळा स्वतःकडे तोंड करून धरतो आणि दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी एवढ्या चारच बोटांनी वाजवतो. अंगठे खाली एक चाल फिरवत ठेवतात, तर्जन्या वर ताना घेतात, आणि तोंडाने गाणं वेगळंच. मालीचे तुमानी जाबाते (१९६५–२०२४) यांचं एकट्या कोऱ्याचं वादन ऐकलं तेव्हा मी दोन वादक शोधत होते. जेलींच्या घरात कोरा बापाकडून मुलाकडे जायचा. सोना जोबार्ते ही अशा घराण्यातून व्यावसायिक कोरावादक म्हणून नाव काढणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक. तिचंही ऐका.

आता झणझण. जुन्या कोऱ्याच्या घोडीवर पत्र्याचं एक पान खोचलेलं असतं आणि त्याच्या कडेला तारेच्या कड्या. तार हलली की कड्या खुळखुळतात. मोकळ्या अंगणात आवाज लांब जावा म्हणून हे चांगलं, पण माइकपुढे नको वाटतं, म्हणून हल्ली पुष्कळ वादक ते लावत नाहीत. मी आधी ऐकलेल्या सगळ्या चकचकीत रेकॉर्डिंगमध्ये ते नव्हतंच! म्हणून सांगते, जुनं आणि नवं दोन्ही ऐका.

दुसरा मुक्काम झिंबाब्वे. शोना लोकांचा म्बिरा म्हणजे फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी आणि उजव्या तर्जनीने छेडायच्या. फळी मोठ्या भोपळ्याच्या पोटात अडकवतात. आणि फळीवर, भोपळ्याच्या काठावर बाटल्यांची बुचं ठोकतात. पूर्वी तिथे गोगलगायीचे शंख असायचे. बुचांमुळे प्रत्येक सुराभोवती खरखर होते. मी पहिल्या सोमवारी वहीत लिहिलं होतं: "रेकॉर्डिंग खराब." ते पान मी फाडलेलं नाही.

बिरा नावाच्या रात्रभराच्या जागरात हा म्बिरा वाजतो, पूर्वजांचे आत्मे यावेत म्हणून. कुणाच्या तरी अंगात येतं, मग घरचे त्याला प्रश्न विचारतात. हे वाचताना मला अनोळखी काहीच वाटलं नाही. आमच्याकडच्या जागराला गेलेल्या कुणालाही वाटणार नाही. म्बिरा बहुधा दोघे मिळून वाजवतात. एकजण चाल सुरू करतो, दुसरा त्याच्या फटींमध्ये आपली चाल घालतो, आणि दोघांपैकी कुणीच वाजवत नसलेली तिसरी चाल ऐकू यायला लागते. माझी आजी आणि चुलत आजी जात्यावर बसल्या की एकीची ओवी संपायच्या आत दुसरी उचलायची, तेव्हा मधला सांधा कुणाचा हे कळत नसे. तसंच. म्बिरा बनवण्याची आणि वाजवण्याची कला मलावी आणि झिंबाब्वेच्या नावे २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

पुढे धागा आपोआप उलगडत गेला. पश्चिम आफ्रिकेतल्या बालाफोनला लाकडी पट्ट्यांखाली भोपळे टांगलेले असतात. त्या भोपळ्यांना भोकं पाडून त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, तो थरथरावा म्हणून. चिनी बासरीला, दीत्झीला, फुंकायच्या आणि बोटांच्या भोकांच्या मधे एक जास्तीचं भोक असतं आणि त्यावर बोरूच्या पोटातला पापुद्रा. आपली बासरी आणि ती शेजारी ठेवून ऐका. एक रेशमी, दुसरी त्याच रेशमाला जर लावल्यासारखी. जपानच्या शामिसेनला तीन तारा. त्यातली सगळ्यात जाड तार वरच्या आडावर टेकवतच नाहीत, ती दांडीच्या लाकडाला जराशी घासत राहते. या घासण्याला ते सावारी म्हणतात, म्हणजे स्पर्श. जवारी आणि सावारी! हा शब्द वाचला तेव्हा मी रात्री साडेअकराला उठून खोलीत फेऱ्या मारल्या. दोन्ही शब्दांचा संबंध आहे असं मात्र कुठे ठोकून देऊ नका. माझ्या हातून एका निबंधात हा मोह झाला होता आणि लाल शाईचा मोठा गोल परत आला. नुसता आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. सनई-सुओनासारखा प्रवास जिथे खरंच झाला तिथे तो सांगता येतो; इथे माणसांनी दोन टोकांना आपापल्या कानाने तीच गोष्ट शोधली असेल, आणि मला तर ते जास्त भारी वाटतं.

सहावी पायरी: 'बेसूर' हा शब्द गहाण ठेवा

इथे बहुतेक जण अडकतात, आणि आपल्याकडे गाणं शिकलेले जास्त अडकतात.

इंडोनेशियाचा गामेलान म्हणजे काशाच्या झांजा, घंटा, पट्ट्या यांचा आख्खा ताफा. मला वाटलं, खाली तंबोऱ्याचं ॲप लावून ऐकलं की सा सापडेल. पट्टी काळी एक, काळी दोन, पांढरी चार, सगळ्या करून झाल्या. एकही बसेना. कारण तिथे स्लेंद्रो आणि पेलोग या दोन वेगळ्याच सप्तकरचना आहेत, पहिलीत पाच सूर, दुसरीत सात, आणि त्यांची अंतरं आपल्या पेटीवर सापडत नाहीत. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे प्रत्येक गामेलान ताफ्याचं लावणं आपापलं. एका गावच्या ताफ्यातली घंटा दुसऱ्या गावच्या ताफ्यात चालत नाही. बालीमध्ये तर एकाच सुराची दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळी लावतात, एक चिमूटभर चढं, म्हणजे दोन्ही एकदम वाजली की आवाजात लाट उठते. आपण ज्याला 'जोड जुळली नाही' म्हणून खुंटी पिळू, ते तिथे कष्टाने साधलेलं असतं. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार देब्युसीने जावाचा गामेलान ऐकला आणि त्याच्या डोक्यातून तो गेला नाही. तेव्हा ॲप बंद करा.

अरबी मकामांचं, म्हणजे तिथल्या रागांचं म्हणा, उलटं आहे. तिथे आपल्याला अर्धं ओळखीचं वाटतं, म्हणून चूक जास्त होते. बयाती मकामाचा दुसरा सूर आपल्या कोमल रे आणि शुद्ध रे यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. पहिले दोन दिवस तो चुकलेला वाटतो. पाचव्या दिवशी पेटीवरचे दोन्ही रे चुकलेले वाटायला लागतात. इजिप्तच्या उम्म कुलसूमची मैफल यासाठी ऐका. एकच ओळ ती वीस वेळा घेते, दरवेळी वेगळी, आणि लोक ओरडून पुन्हा मागतात. बालगंधर्वांना मिळणाऱ्या वन्समोअरच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या भागातल्या कुणालाही ही जनता परकी वाटायची नाही.

या मधल्या सुरांचं काय करायचं, यावर १९३२ मध्ये कैरोत मोठी परिषद भरली होती. सप्तकाचे चोवीस सारखे भाग करावेत की नाही यावर तिथे बरीच खडाजंगी झाली. मी हे वाचत होते आणि मला आमच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आठवले. नाटककार देवलांचे हे भाऊ, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शन घेऊन कृष्णाकाठी फिरायला जायचं सोडून ते सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक जागा, मोजत बसले आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांच्या जोडीला क्लेमंट्स नावाचे आयसीएस अधिकारी होते आणि गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. श्रुतींची म्हणून खास हार्मोनियमही बनवून घेतली होती. त्यांचं गणित सगळ्यांना पटलं नाही, वाद झाले. पण कैरोतला प्रश्न बावीस वर्षं आधी आपल्याकडे कुणीतरी हातात घेतला होता, हे सांगलीत किती जणांना माहीत आहे?

तालाचं थोडक्यात

बारा मात्रा म्हटलं की आपण एकताल धरतो. स्पेनच्या फ्लामेंकोतही बाराचं चक्र आहे, पण जोर असा पडतो: एक, दोन, *तीन*, चार, पाच, *सहा*, सात, *आठ*, नऊ, *दहा*, अकरा, *बारा*. ठळक आकड्यांवर टाळी देत सलग पाच मिनिटं म्हणा. बसमध्ये करू नका, लोक बघतात.

सातवी पायरी: हात लावा

नुसतं ऐकून धागा अर्धाच हातात येतो. ऑनलाइन सतरा पट्ट्यांचा कलिंबा मिळतो. तो घ्यायला हरकत नाही, पण तो म्बिरा नव्हे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या ह्यू ट्रेसी यांनी १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत म्बिरासारख्या वाद्यांवरून तो बेतला आणि युरोपीय सुरांत लावला. मी माझ्यावर प्रयोग केला. लिंबू सोड्याच्या गाडीवरून चार बुचं आणली, चपटी केली, मधोमध भोक पाडून फळीवर सैल स्क्रूने बसवली. फार घट्ट बसवली तर बोलत नाहीत, फार सैल केली तर नुसती ओरडतात. चाचांचं वाक्य मला तेव्हा कळलं.

पैसे खर्च करायचे नसतील तर कंगव्यावर पातळ कागद ठेवून त्यातून गुणगुणा. दीत्झीचं तत्त्व हेच.

आठवी पायरी: ऐकलेलं परत मिरजेत न्या

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ मध्ये ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी संगीतसभा होते आणि कलाकार तिथे हजेरी लावायला येतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीतमहोत्सव असतो. दोन्हींना प्रवेश मोकळा असतो, रात्र मोठी असते. सतरंजीवर बसायची तयारी ठेवा आणि शाल न्या. वर्षभर बाहेरचं ऐकून तिथे बसलात की मागचे दोन तंबोरे आधी ऐकू येतात, गाणारा नंतर.

आणि जमलेलं कारागिरांना ऐकवा. मी गेल्या दिवाळीनंतर चाचांकडे गेले आणि त्यांना कोऱ्याचा व्हिडिओ दाखवला. मला वाटलं, ते म्हणतील वा, किती गोड. त्यांनी आवाज आधी बंदच केला. चष्मा कपाळावर सारला, चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं.

"भोपळा अर्धाच घेतलाय."

"हो, चाचा."

"अन् घोडी कातड्यावरच उभी? एकवीस तारांचा दाब कातडं पेलतं? खाली आधार काय?"

मला माहीत नव्हतं. एवढे महिने मी आवाज ऐकत होते, ओझं कुणावर आहे ते मी विचारलंच नव्हतं. घरी येऊन शोधलं: कातड्याखालून आडव्या काठ्या घातलेल्या असतात, ज्या हातात धरून वादक कोरा सांभाळतो त्याही आतूनच येतात. पुढच्या खेपेला हे सांगितलं तेव्हा चाचा खूश झाले, पण लगेच पुढचा प्रश्न आला.

"भोपळा कुठला? आपल्यासारखा कडू का?"

यावर मी आठवडाभर वाचलं. दुध्याच्याच जातीतला आहे तो, आणि या वेलाचं मूळच आफ्रिकेतलं. हजारो वर्षांपूर्वी तो तिथून जगभर गेला. मंगळवेढ्याच्या शेतातला भोपळाही त्यांच्याच खानदानातला. हे मी चाचांना फोनवर सांगितलं. पलीकडे कानस चालू होती, ती थांबली.

"म्हणजे पावणे आपणच," ते म्हणाले. "मग त्यांना विचार की, वाळवतात किती दिवस?"

सध्या मी ते शोधतेय.